शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रोजेक्ट डिझाइन वर्कशॉप – माझा अनुभव

मी गणित शिकवते. आम्ही तिघं एकाच शाळेतून गेलो होतो, मी, सायन्सचे सर आणि भाषेच्या मॅडम, आणि खरं सांगते, तिघं गेलो म्हणूनच हे वर्कशॉप वसूल झालं.

थिअरी लवकर आटपतात ते बरंय. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकने १९१८ मध्ये प्रोजेक्ट मेथड, म्हणजे प्रोजेक्ट करत करत शिकायची पद्धत, मांडली, फिनलंडमध्ये २०१६ पासून वर्षातून निदान एक बहुविषयक प्रोजेक्ट अभ्यासक्रमातच आहे, एवढं सांगितलं आणि लगेच कामाला लावलं.

सगळ्यात भारी होता तो ट्यूनिंगचा तास. आपला प्लॅन मांडायचा, शंका असतील त्यांची उत्तरं द्यायची आणि मग गप्प बसायचं, बाकीचे आपल्यासमोरच त्यावर बोलत राहतात आणि आपण फक्त लिहून घ्यायचं. माझा प्लॅन गळक्या नळाचा: सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, २० थेंबांचं साधारण १ मिली धरलं तर ४ लिटरच्या वर पाणी वाया, आणि शेवटी मुलांनी त्यावर एक पत्र लिहायचं. मला वाटलं झालं की. तर सर म्हणाले, थेंब सगळे सारखेच कशावरून? तोटीचं तोंड बदललं की थेंब लहानमोठा होतो, मग मुलांना २० आकडा आयता का द्यायचा, नळाखाली मोजपात्र धरून त्यांचं त्यांनाच काढू दे ना. मॅडम म्हणाल्या, शेवटी पत्र लिहून घेणार ते कुणाला, आणि खरंच पाठवणार का वहीतच राहणार? बोलायला मनाई होती म्हणून ऐकलं हो, नाहीतर मी पोर्शन राहिलाय हे कारण कधीच पुढे केलं असतं.

आता तक्रार. मुलांच्या प्रोजेक्टला मार्क द्यायची जी शीट वर्कशॉपमध्ये मिळते ती अगदीच कच्ची आहे, अख्ख्या ग्रुपला एकच मार्क, म्हणजे एक पोरगी राबणार आणि चौघं फुकटात पास. विचारलं तर म्हणे तुमच्या पद्धतीने बदला, पण फाइल पीडीएफमध्ये, बदलणार कशी? शेवटी आम्हीच प्रत्येकाची वेगळी निरीक्षण वही ठेवली आणि मार्क त्यावर दिले. तिघांचे तास टाइमटेबलमध्ये एकत्र कसे बसवायचे यावर तर चकार शब्द नाही, खरी मारामारी तर तिथेच असते!

तरीही ५ पैकी ४ स्टार. जाणार असाल तर दुसऱ्या विषयाचं कुणीतरी सोबत न्याच, आणि प्लॅन अर्धवटच न्या, पक्का करून नेला की तो मोडायला जीव होत नाही.