ट्यूनिंगच्या नावाखाली 41,700 चा चुना

शिव्या देऊन झाल्यात, आता कामाचं लिहितो. गाडीत ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त बेसचा मोठा स्पीकर) बसवायचा विचार असेल तर पैसे मोजण्याआधी वाचा.

ॲम्पचे 14,500, वूफरचे 11,200, दारातल्या स्पीकरचे 7,700, वायरिंग किटचे 4,800 आणि 'प्रोफेशनल ट्यूनिंग'चे 3,500. एकूण 41,700. त्यातले शेवटचे 3,500 सगळ्यात जास्त झोंबतात, कारण त्या पैशात दुकानातल्या भामट्याने माझा वूफर जाळला.

ट्यूनिंग म्हणजे काय, तर पुढच्या सीटवर लॅपटॉप उघडला, पडद्यावर रंगीत पट्टे नाचायला लागले आणि गडी मान डोलवत बटणं दाबत बसला. लॅपटॉपची वायर सीटवर नुसती पडलेली. ॲम्पपर्यंत ती जातच नव्हती. जाणार कुठे? त्या ॲम्पला तसली वायर खोचायला भोकच नव्हतं! मला दिसलं होतं हो. मी विचारलंसुद्धा. "वायरलेस आहे सर," म्हणाला. तिथेच पैसे परत मागायला हवे होते. पण दारांची पॅनलं उघडी, डिकीतलं मॅटिंग बाहेर, अर्धे पैसे आधीच त्याच्या खिशात. अशा वेळी कोण भांडत बसतं, सांगा.

मग डिकीत वाकून त्याने स्क्रूड्रायव्हरने ॲम्पवरचा गेनचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला, बेस बूस्ट पूर्ण चढवला आणि गाणं लावलं. आरसा थरथरायला लागला. पाच मिनिटं ते कुणालाही भारीच वाटेल, हे धंदेवाले त्या पाच मिनिटांवरच जगतात. मोठा आवाज ऐकून पैसे देऊ नका.

गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलच्या व्होल्टेजशी ॲम्प जुळवून घ्यायची ती सोय आहे. वाजवीपेक्षा ताणला की सिग्नलची टोकं छाटली जातात आणि वूफरमधली तारेची कॉइल तापत राहते. त्यात 12 डीबी बेस बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला 16 पट पॉवर मागणं. आधी जळक्या वार्निशचा वास आला, मग वूफर मुका झाला.

नीट काम करणाऱ्याकडे निदान मल्टिमीटर तरी असतो. वूफरची वायर सोडवायची, बेस-ट्रेबल शून्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊण, 50 हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजायचे. किती व्होल्ट यायला हवेत? ॲम्पचे वॅट गुणिले वूफरचे ओहम, त्याचं वर्गमूळ. 300 वॅट आणि 4 ओहमला 34.6 व्होल्ट. तिथे गेन थांबवायचा. वूफरला लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारी चाळणी), दारातल्या स्पीकरना हाय पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारी), दोन्ही 80 हर्ट्झच्या आसपास. माझ्या दारातल्या स्पीकरचा हाय पास बंदच होता, म्हणून तेही फाटके वाजायचे आणि मी गाण्यांना दोष देत होतो.

दुसऱ्या कारागिराने सगळं उघडलं तेव्हा बाकीचं बाहेर आलं. ॲम्पच्या खोक्यावर 3000 वॅट, अंगावर 30 अँपिअरचा एकच फ्यूज. 14.4 व्होल्टने गुणा, 432 वॅट. एवढं आत घेणारं यंत्र 3000 बाहेर कुठून काढणार? खोक्यावरचा मॅक्स आकडा बघूच नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट विचारा. पॉवर केबल बोटाएवढी जाड दिसत होती, पण निम्मी जाडी प्लास्टिकचीच. तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! अर्थिंगची वायर पत्र्याचा रंग न खरवडता त्यावरच स्क्रू मारून दिलेली. बॅटरीजवळ फ्यूज नाही, म्हणजे केबल कुठे घासली असती तर गाडीच पेटली असती. बॅटरीपासून वीतभर-दोन वितीत फ्यूज दिसत नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नका.

आता दाद मागायची कहाणी. दुकानदार म्हणतो, "तुम्ही जास्त आवाजात वाजवलं." वूफर बनवणारी कंपनी म्हणते, जळालेली कॉइल वॉरंटीत येत नाही. गाडीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं, मूळ वायरिंग कापलंय, तेव्हा इलेक्ट्रिकलची वॉरंटी विसरा. पोलीस चौकीत साहेबांनी मान वर न करता सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल मागितलं. बिलावर काय, तर 'म्युझिक सिस्टीम, 1 नग'. मॉडेल नाही, वॅट नाहीत, ट्यूनिंगचा उल्लेख नाही. "यात फसवणूक कुठे दिसते?" असं त्या बाईंनी मलाच विचारलं. म्हटलं, तार बघा, सोबत आणलीय. "वस्तू इथे घेत नाही." तज्ज्ञाचा अहवाल आणा म्हणाल्या. तज्ज्ञ कोण, त्याची यादी त्यांच्याकडे नाही. 41,700 गेलेला माणूस यांच्या लेखी फक्त अपुऱ्या कागदांचा अर्जदार!

म्हणून बिलावर प्रत्येक वस्तूचं मॉडेल आणि आरएमएस वॅट लिहून घ्या, ट्यूनिंग वेगळ्या ओळीत. गेनच्या स्क्रूचा फोटो त्याच्यासमोर काढा. जळालेला वूफर 'बदलून देतो' म्हणून मागितला तर देऊ नका, माझ्याकडूनही मागत होता.

परवा मोबाइलवर मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' काय निकाल लागला ते लिहिलेलं नाही. खाली सेवेला किती तारे द्याल, असं मात्र विचारलंय.