बाळाच्या झोपेसाठी घेतलेला चार आठवड्यांचा ऑनलाइन सल्ला: काय उपयोगी पडले, काय खटकले

आमची मुलगी दहा महिन्यांची असताना रात्रीतून पाच-सहा वेळा उठत होती आणि दर वेळी अंगावर घेतल्याशिवाय तिचा डोळा लागत नव्हता. घरातले आम्ही दोघेही थकून गेलो होतो, म्हणून बाळांच्या झोपेविषयी सल्ला देणारी चार आठवड्यांची एक ऑनलाइन सेवा घेतली. सेवेचे नाव देत नाही, कारण अशा बहुतेक सेवांची रचना सारखीच असते: आधी प्रश्नावली, मग नोंदवही, मग लेखी आराखडा आणि रोजचा संदेशांद्वारे पाठपुरावा. त्यातले नेमके काय कामाचे असते, हे कळले तर इतर पालकांना निवड करणे सोपे जाईल.

प्रश्नावली पाहूनच पहिला विश्वास बसला. बाळ घोरते का, तोंडाने श्वास घेते का, झोपेत पाय सतत हलवते का, रक्तातील लोह तपासले आहे का, पाजल्यानंतर उलटी होते का, हे सगळे त्यात होते. टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढल्यामुळे श्वासात अडथळा येत असेल किंवा लोहाची कमतरता असेल, तर झोपेच्या सवयी कितीही बदलल्या तरी मूळ कारण तसेच राहते. माझी स्वतःची झोप आणि मनःस्थिती कशी आहे, हेही विचारले होते. बाळंतपणानंतर मला हा प्रश्न इतक्या सरळपणे कोणीच विचारला नव्हता. तो वाचून मला रडू आले, हे इथे लिहायलाच हवे.

सेवेचा खरा कस लागला तो पाच दिवसांच्या नोंदवहीत. अंथरुणावर ठेवल्याची वेळ, प्रत्यक्ष झोप लागल्याची वेळ, प्रत्येक जाग आणि दिवसाच्या दोन झोपा, सगळे मिनिटांसह लिहायचे होते. मुलगी फारच कमी झोपते, असे आम्ही धरून चाललो होतो. बेरीज मात्र दिवसाला जवळजवळ 13 तास निघाली. चार ते बारा महिन्यांच्या बाळांना दिवसाच्या झोपांसह 12 ते 16 तासांची झोप लागते, म्हणजे तिची झोप पुरेशी होती; बिघडली होती ती तिची वाटणी. दिवसा ती सव्वातीन तास झोपायची, दुसरी झोप संध्याकाळी साडेपाचला संपायची आणि सातच्या ठोक्याला आम्ही तिला पुन्हा पाळण्यात ठेवायचो, तेही सकाळी सातपर्यंत झोपेल या अपेक्षेने. शरीराला रात्री पावणेदहा तासांची झोप हवी असताना आम्ही बारा तास मागत होतो, आणि उरलेला वेळ ती रात्री दोनच्या सुमारास डोळे टक्क उघडे ठेवून काढत होती. सल्लागारबाईंनी दुसरी झोप पावणेचारला संपवायला आणि रात्री सव्वाआठला निजवायला सांगितले. एवढ्याच बदलाने मधल्या रात्रीचे ते लांबलचक जागरण आठवड्याभरात थांबले.

वारंवार उठण्याचे कारण मात्र वेगळे होते. या वयात झोपेचे एक आवर्तन साधारण तासाभराचे असते, मोठ्यांचे सुमारे दीड तासाचे. दोन आवर्तनांच्या मध्ये प्रत्येक बाळ किंचित जागे होते आणि निजताना जे होते तेच शोधते. आमची मुलगी अंगावर पिता पिता झोपायची आणि मग पाळण्यात एकटी जागी व्हायची. तिला एकटीला रडत सोडणे आम्हाला मान्य नव्हते, म्हणून पाळण्याशेजारी बसून राहायचे आणि काही दिवसांनी बसण्याची जागा थोडी थोडी दूर न्यायची, अशी पद्धत ठरली. तिसऱ्या रात्री ती पंचवीस मिनिटे कुरकुरली, पाळण्याच्या दांड्यांमधून हात बाहेर काढून माझे बोट घट्ट धरले, दुसऱ्या हाताने स्वतःचाच कान चोळत राहिली आणि मग बोटावरची पकड हळूहळू सैल झाली. या पद्धतीविषयीची माझी धाकधूक कमी झाली ती ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासामुळे. अशा सौम्य उपायांनंतर मुलांचा सहाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला असता त्यांच्या भावनिक आरोग्यावर किंवा आईशी असलेल्या नात्यावर कोणताही वाईट परिणाम आढळला नाही, असे त्यात 2012 मध्ये नोंदवले गेले.

आता तक्रारी. तिसऱ्या आठवड्यात मुलीला सर्दी झाली आणि आडवे केले की ती किंचाळू लागली. 'सवय मोडू देऊ नका, आराखडा चालू ठेवा,' असे उत्तर आले. दोन रात्री आम्ही ते ऐकलेही. बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा मध्यकर्णाला संसर्ग झाल्याचे निघाले; आडवे झाल्यावर कानातला दाब वाढून ही वेदना बळावते. त्या दोन रात्रींची चुटपुट अजून जात नाही. तान्ह्या बाळाचे रडणे अचानक बदलले तर आधी डॉक्टर, हे वाक्य प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवे.

त्यांच्या पुस्तिकेत वजनदार झोपपिशवीची (पांघरुणाऐवजी बाळाला घालायची, वजन भरलेली पिशवी) शिफारस होती, तीही गंभीर चूक आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये वजनदार पिशव्या आणि दुपटी बाळांसाठी वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे; बाळाला पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर निजवावे आणि पाळण्यात उशी, पांघरूण, खेळणे काहीही नसावे. जाहिरातीतले 'दोन आठवड्यांत सलग बारा तास' हे आश्वासनही पालकांवर अन्याय करते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात वर्षाच्या बाळांपैकी सुमारे 28 टक्के बाळे सलग सहा तासही झोपत नव्हती, आणि त्याचा त्यांच्या मानसिक किंवा हालचालींच्या विकासाशी काही संबंध दिसला नाही.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी मुलगी रात्री एकदा, कधी दोनदा उठत होती, आणि आम्हाला तेवढे पुरेसे होते. नोंदवही आणि तिचे वाचन यांसाठी मी ही सेवा पुन्हा घेईन. पुस्तिका आणि आजारपणातला सल्ला यांसाठी मुळीच नाही. बाळ घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर अशा कोणत्याही सेवेत नाव नोंदवण्याआधी त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बाकीच्यांनी निदान पाच दिवसांची नोंद घरीच करून पाहावी. आमच्या वहीचे फक्त दुसरे पान भरले होते, तेव्हाच साडेपाच आणि सात या दोन वेळा शेजारी शेजारी दिसल्या होत्या.