गूगल मॅप्सची टाइमलाइन: प्रायव्हसीला चार स्टार, सोयीला दोन

टाइमलाइन म्हणजे मॅप्समधलं ते फीचर जे आपण कुठे गेलो, किती वाजता निघालो, चालत गेलो की गाडीने, हे सगळं दिवसावार लिहून ठेवतं. 2023 च्या डिसेंबरमध्ये गूगलने जाहीर केलं की हा डेटा आता आमच्या सर्व्हरवर नाही तर तुमच्याच फोनमध्ये राहील, आपोआप डिलीट व्हायची मुदत पहिल्यांदा ऑन करणाऱ्यांना 18 ऐवजी 3 महिने, आणि बॅकअप घेतलात तर तो एन्क्रिप्टेड, आम्हालाही वाचता येणार नाही असा. त्यावर लोकांची ओरड काय तर कॉम्प्युटरवर दिसायची बंद झाली. ते खरंच आहे, मोठ्या स्क्रीनवर जुने प्रवास बघायची मजा गेली, आणि बॅकअप चालू नसताना फोन हरवला तर मागचं सगळं गेलं समजा, म्हणून सोयीला दोनच. पण प्रायव्हसीचे चार स्टार मी देतोय ते पोलिसांमुळे.

झालं होतं काय, अमेरिकेत पोलीस गूगलकडे जिओफेन्स वॉरंट घेऊन जायचे. संशयित कोण ते माहीत नाही, नुसता नकाशावर गोल काढायचा, वेळ टाकायची आणि म्हणायचं की या वेळेत या गोलात ज्यांचे ज्यांचे फोन होते ते सगळे द्या. पहिली यादी बिननावाची, मग पोलीस त्यातून निवडणार आणि शेवटी नावं मागणार. 2019 मध्ये व्हर्जिनियात एका पतसंस्थेवर दरोडा पडला तेव्हाचा गोल होता 150 मीटर त्रिज्येचा, तासाभराच्या डेटात 19 फोन निघाले. आता गंमत बघा, गूगलनेच कोर्टात सांगितलंय की प्रत्येक लोकेशनभोवती आम्ही अंदाजाचा जो गोल धरतो त्यात फोन खरोखर असण्याची खात्री साधारण 68 टक्के धरलेली असते. रस्ता शोधायला एवढं चालतं हो, पण शेजारच्या इमारतीत बसलेला माणूस दरोड्याच्या यादीत जाणार त्याचं काय?

आणि कोर्टांचं यावर एकमत नव्हतं. 2024 च्या जुलैमध्ये फोर्थ सर्किटच्या (सर्किट म्हणजे अमेरिकेतली सुप्रीम कोर्टाच्या खालची अपील कोर्टं) बेंचने याच दरोड्याच्या केसमध्ये सांगितलं की दोन तासांचा डेटा (पहिल्या यादीनंतर वाढवून घेतलेला) आरोपीने स्वतःहून गूगलला दिलेला, त्यामुळे ही झडतीच नाही (पुढे मोठ्या बेंचकडे गेलं, पुरावा टिकला), आणि महिन्याभरात फिफ्थ सर्किटने दुसऱ्या केसमध्ये अशी वॉरंटं सरसकट घटनाबाह्य ठरवली. कोर्टांचं असं चालू असताना गूगलने तिजोरीच रिकामी करायला घेतली. कंपनीकडे नाहीच तर देणार काय, एवढा साधा हिशेब. मला तरी हा बदल कुठल्याही निकालापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

पण म्हणून टाइमलाइन बंद केली की आपण गायब असं समजू नका प्लीज, असं समजणारे खूप आहेत. फोन टॉवरला जोडला गेला की नोंद सिमकार्डवाल्या कंपनीकडे पडते, जीपीएस बंद असलं तरी. कार्पेंटर केस त्याचीच. दुकानांवरच्या दरोड्यांच्या तपासात पोलिसांनी कार्पेंटर नावाच्या एका माणसाचा 127 दिवसांचा टॉवर डेटा काढला, 12,898 लोकेशन पॉइंट, तेही वॉरंट न घेता, वॉरंटपेक्षा कमी कारणांवर मिळणाऱ्या कोर्ट ऑर्डरवर. 22 जून 2018 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला की सात किंवा जास्त दिवसांचा असा डेटा काढणं म्हणजे झडती, साधारणपणे वॉरंट हवंच. सात दिवसांपेक्षा कमी असेल तर काय, लाइव्ह लोकेशनचं काय, एका टॉवरवरचे सगळे नंबर एकदम मागितले तर काय, हे त्यांनी उघडंच ठेवलं. आणि कार्पेंटर सुटलाही नाही, पोलीस तेव्हाच्या कायद्यावर विसंबून होते म्हणून पुरावा ग्राह्य धरला गेला.

आपल्याकडे तर सीडीआर (कुणाला कधी फोन केला त्याची नोंद) आणि टॉवर लोकेशन पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली मागवतात, त्याला वॉरंट लागत नाही. एक निकाल मात्र मॅप्सचाच आहे. जामीन देताना आरोपीने मॅप्सवर पिन टाकून तपास अधिकाऱ्याला लोकेशन दाखवायचं अशी अट घातलेली, 8 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने ती काढून टाकली, जामिनावरच्या माणसावर सतत पाळत ठेवता येईल अशी अट चालणार नाही म्हणून. त्यात गूगलनेही सांगितलं होतं की नुसत्या पिनने लाइव्ह ट्रॅकिंग होतच नाही!

पाचवा स्टार कापला कारण डेटा फोनमध्ये आला म्हणजे आता सगळं फोनच्या लॉकवर आलं. अमेरिकेत 2014 पासून अटक केलेल्याचा फोन चाळायलाही वॉरंट लागतं, पण ते मिळालं आणि फोन उघडला की तीन महिन्यांचं फिरणं समोर हजर. मुदत वाढवून 36 महिने ठेवली असेल तर तीन वर्षांचं.

सेटिंगचं एवढं बघा. मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप, मग टाइमलाइन, तिथे ऑटो-डिलीट. आणि गूगल अकाउंटमध्ये 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' नावाचं वेगळंच बटण आहे, त्यात सर्च करताना अंदाजे कुठे होतात तेही साठतं, ते टाइमलाइनबरोबर बंद होत नाही.