जन्मापासूनचे की मध्येच आलेले? अपंग पात्र घडवताना करायची पहिली निवड

कथेत अपंग पात्र आणायचे ठरले की लेखक बहुधा अपंगत्वाचा प्रकार आधी निवडतो: पात्र अंध असावे, कर्णबधिर असावे की चाकांच्या खुर्चीवर असावे. माझ्या मते त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवायला हवा, तो म्हणजे हे अपंगत्व पात्राबरोबरच जन्माला आले की आयुष्याच्या मध्येच आले. दोन अंध माणसे सारखीच पांढरी काठी घेऊन एकाच रस्त्याने चालत असतील, तरी त्यांतील एकाच्या स्मृतीत तो रस्ता पाहिलेला असतो आणि दुसऱ्याच्या स्मृतीत तो फक्त चढ, उतार, आवाज आणि वळणे यांचा असतो. नवखे लेखक या दोघांची सरमिसळ करतात आणि जन्मांध पात्राला दृष्टी हरपल्याचे दुःख बहाल करतात, जे त्याच्याजवळ असण्याचे काहीच कारण नाही.

मध्येच आलेले अपंगत्व लेखकाला मोहात पाडते, कारण त्यात आधीचे आयुष्य, घटना आणि नंतरचे आयुष्य अशी तयार रचना मिळते. धोकाही तिथेच आहे. घटना इतकी मोठी होते की पात्र तिच्या सावलीत उरते आणि शेवटी त्याला बरे करणे, मारणे किंवा विजयी करणे एवढेच लेखकाला सुचते; घटनेनंतरची साधी, कंटाळवाणी, भांडणांची आणि कामधंद्याची वर्षे लिहायची राहूनच जातात. ज्याला हा मार्ग घ्यायचा आहे त्याने शरीर कसे आठवणी काढते याचा अभ्यास करावा. कापलेला हात किंवा पाय अजून जागेवर आहे, त्यात कळ येते आहे, अशी जाणीव अनेकांना होते; सायलस वेअर मिचेल या अमेरिकन वैद्याने 1871 मध्ये तिला ‘फँटम लिंब’, म्हणजे भासमान अवयव, हे नाव दिले. दृष्टी गेलेल्या काहींना डोळ्यांपुढे नसलेली माणसे, पक्षी, इमारती स्पष्ट दिसतात, आणि आपले डोके ठिकाणावर नाही असे लोक समजतील या भीतीने ते सांगत नाहीत. शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने 1760 मध्ये आपल्या आजोबांना होणारे असेच भास नोंदवले होते. असा एक तपशील अश्रूंच्या चार पानांपेक्षा जास्त सांगून जातो. जन्मांध पात्राला मात्र तो देता येत नाही, कारण असे भास पूर्वी पाहिलेल्या डोळ्यांनाच होतात.

या प्रकारात आणखी एक गोष्ट असते, जिच्याकडे लेखकांचे फारसे लक्ष जात नाही. अपघातापर्यंत हे पात्र स्वतः अपंग नसलेल्यांच्या बाजूला होते. अपंगांकडे पाहण्याची त्याची नजर इतरांसारखीच कीव करणारी किंवा चुकवणारी होती, आणि आता तीच नजर त्याच्यावर वळते. संगीतकार बेथोवनने 1802 मध्ये भावांना उद्देशून लिहिलेल्या, पण कधीच न धाडलेल्या पत्रात आपण बहिरेपण लपवत लोकांपासून दूर राहिलो, अशी कबुली दिली आहे. तिच्यात ऐकू न येण्याच्या दुःखाइतकीच ‘मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही’ हे म्हणण्याची लाज आहे. जन्मापासून अपंग असलेल्या पात्राला हा पूर्वग्रह बाहेरून भेटतो. तेही लाजू शकते, पण ती लाज त्याला कोणीतरी शिकवलेली असते. कोणी शिकवली, यातून घरातली सगळी नाती उभी करता येतात.

जन्मापासूनच्या अपंगत्वात सांगण्याजोगी घटना नसते, आणि लेखकाला तेच अवघड जाते. प्रथमपुरुषी निवेदनात ही अडचण विशेष जाणवते. नव्याने अंध झालेला माणूस प्रत्येक गोष्ट शिकत असतो, त्यामुळे वाचकही त्याच्याबरोबर सहज शिकतो. जन्मांध निवेदक मात्र आपण खोलीतील भिंत पावलांच्या पडसादावरून कशी ओळखतो हे स्वतःहून कशाला सांगेल? आपण जिना कसा चढतो हे आपण तरी कुठे सांगतो? त्याच्या बाबतीत माहिती अडथळ्यातूनच बाहेर यावी: सामान हलवलेली खोली, न विचारता दंड पकडणारा अनोळखी, मोडलेले साधन. जन्मांध व्यक्तींच्या स्वप्नांत दृश्ये नसतात, आवाज, स्पर्श आणि हालचाल असते; पण रंगांचे शब्द ते सर्रास आणि अचूक वापरतात, कारण भाषा त्यांचीही आहे. समोरच्याचा चेहरा चाचपून ओळखणे आणि अलौकिक श्रवणशक्ती या दोन्ही गोष्टी मी सरळ खोडून टाकीन.

कर्णबधिर पात्रात हा फरक सर्वांत ठळक दिसतो. जन्मतः कर्णबधिर आणि लहानपणीच सांकेतिक भाषा मिळालेल्या व्यक्तीची तीच पहिली भाषा असते, आणि विल्यम स्टोकी या भाषाशास्त्रज्ञाने 1960 मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेबाबत दाखवून दिल्यापासून अशा भाषांना स्वतःचे व्याकरण असते हे मान्य झालेले आहे. म्हणून तिचे संवाद तुटक मराठीत लिहू नयेत. ती हातांनी अस्खलित बोलते आहे, तर लेखकानेही अस्खलित लिहावे. उलट चाळिशीत श्रवण गेलेल्या माणसाची वाणी बराच काळ पूर्वीसारखीच राहते, त्यामुळे त्याला ऐकू येत नाही यावर कोणाचा विश्वास बसत नाही. त्याला सांकेतिक भाषा येत नाही, तो ओठ वाचू पाहतो, आणि प, ब, म हे उच्चार ओठांवर सारखेच दिसत असल्याने ‘पाय’ की ‘माय’ हे संदर्भावरून ताडत संध्याकाळपर्यंत थकून जातो. एकाचा एकटेपणा भाषा न जुळण्याचा आहे, तर दुसऱ्याचा स्वतःच्याच घोळक्यात मागे पडण्याचा.

चाकांच्या खुर्चीबाबत थोडक्यात सांगतो. सेरेब्रल पाल्सी (बहुधा जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेले काही जण घरात चालतात आणि लांबच्या अंतरासाठी खुर्ची वापरतात, त्यामुळे खुर्चीतून उठणे म्हणजे ढोंग किंवा चमत्कार नव्हे. मज्जारज्जूला इजा झालेल्याला कातडीवर जखम होऊ नये म्हणून ठरावीक वेळाने बूड उचलावे लागते, आणि मज्जारज्जूची ही इजा छातीच्या वरच्या भागाच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर तुंबलेले मूत्राशयही रक्तदाब धोकादायक वाढवू शकते.

या दोन टोकांच्या मध्येही माणसे असतात. लुई ब्रेलच्या डोळ्याला तिसऱ्या वर्षी इजा झाली आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली. अशा पात्राला मी जन्मापासूनच्या बाजूला ठेवीन, कारण त्याचे घडणे अंधत्वातच झाले.

शब्दांची निवडही यावरच अवलंबून आहे. ‘गमावले’, ‘मुकला’ ही क्रियापदे एकाच बाजूला शोभतात. ‘ग्रस्त’, ‘पीडित’ आणि ‘खुर्चीला खिळलेला’ हे शब्द कोणत्याच बाजूला नकोत, कारण खुर्ची तर त्याला घराबाहेर नेते. लंगडणाऱ्या नायिकेच्या कथेत निवेदकाच्या तोंडी ‘लंगडी सबब’ आली तर ती सहज आली की नाही हे लेखकाने तपासावे. ‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’ यावर त्या समाजातच मतभेद आहेत, तेव्हा पात्र स्वतःसाठी जो शब्द वापरते तोच निवेदकाने घ्यावा.

कौतुकाचा धोका दोन्हीकडे सारखाच आहे. ऑस्ट्रेलियातील विनोदकार आणि पत्रकार स्टेला यंग हिने 2014 च्या भाषणात सांगितले होते की, ती 15 वर्षांची असताना तिला एका पुरस्कारासाठी सुचवण्याची इच्छा गावातल्या एकाने तिच्या आईवडिलांकडे व्यक्त केली, आणि तिने तर इतर मुलींसारखे शाळेत जाण्यापलीकडे काही केले नव्हते. तिचे अपंगत्व जन्मापासूनचे होते.

कथा चोरीची, प्रेमाची किंवा वाटणीच्या भांडणाची असेल आणि त्यातले एक पात्र अपंग असावे एवढेच हवे असेल, तर जन्मापासूनचे अपंगत्व निवडावे. ते कथेची जागा खात नाही. बदल हाच विषय असेल तर दुसरा पर्याय घ्यावा, पण कथा अपघाताच्या दिवशी सुरू न करता पाच वर्षांनंतर सुरू करावी. खर्डा वाचायला देतानाही हाच भेद पाळावा: जन्मांध वाचक गेल्या वर्षी अंध झालेल्या पात्राची ग्वाही देऊ शकत नाही, आणि त्याला तसे करायला सांगणे हीदेखील सरमिसळच होय.