रॅबिट-प्रूफ फेन्स: कायदा चोख, नकाशा ढिला

फिलिप नॉइस यांचा २००२ चा ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ चित्रपट म्हणून उत्तम आहे, त्यावर वाद नाही. इथे तपासायचा तो फक्त त्यातला इतिहास. १९३१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जिगलाँगहून मोली, डेझी आणि ग्रेसी या नात्यातल्या तीन मिश्र वंशाच्या आदिवासी मुलींना सरकारने उचललं आणि पर्थच्या उत्तरेला मूर रिव्हर सेटलमेंटमध्ये टाकलं. तिथून त्या पळाल्या आणि सशांना अडवायला घातलेल्या लांबलचक कुंपणाचा माग धरून घराकडे चालत निघाल्या. मोलीची मुलगी डोरिस पिल्किंग्टन हिने १९९६ मध्ये हे पुस्तकरूपाने लिहिलं. चित्रपट त्यावरच बेतलेला आहे.

चित्रपट सगळ्यात अचूक आहे तो ए. ओ. नेव्हिलच्या, म्हणजे राज्याच्या आदिवासींच्या मुख्य संरक्षकाच्या, कचेरीत. टेबलावर अर्जांचा ढीग, कुणाला काय हवंय ते वाचून दाखवणारी कारकून बाई, आणि एका बाईला नवे बूट घ्यायचेत तर त्यालाही साहेबांची परवानगी. हा प्रसंग अतिशयोक्त वाटतो, पण नाही. १९०५ च्या कायद्याने मुख्य संरक्षक हा राज्यातल्या प्रत्येक आदिवासी आणि मिश्र वंशाच्या मुलाचा सोळा वर्षांपर्यंत कायदेशीर पालक होता, जन्मदाती आई हयात असली तरी. मुलाची आबाळ होते आहे असं न्यायालयात सिद्ध करायची गरजच नव्हती. (सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल वाचलेल्यांना हे अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडच्या १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातही मुलं आईबापांपासून वेगळी काढायची तरतूद होती.)

मुली उचलून नेण्याचा प्रसंग मात्र फुगवला आहे. पडद्यावर मोटार येते, पाठलाग होतो, आयांच्या हातून मुली खेचल्या जातात. पुस्तकात पोलीस रिग्ज घोड्यावरून येतो, हुकूम सांगतो, आणि घरचे प्रतिकार न करता आक्रोश करतात. पुढचा प्रवासही वेगळा: चित्रपटात आगगाडी, प्रत्यक्षात पोर्ट हेडलंडहून फ्रीमँटलपर्यंत बोट. ऑस्ट्रेलियातल्या उजव्या टीकाकारांनी नेमके असेच तपशील पकडून अख्खा चित्रपट खोटा ठरवायचा प्रयत्न केला. तो टिकत नाही. विरोध झाला नाही याचा अर्थ संमती होती असा होत नाही. नकार द्यायचा हक्कच कायद्याने ठेवला नव्हता.

खरी चूक कालक्रमात आहे, आणि तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. नेव्हिल बायकांच्या सभेत स्लाइड दाखवून गोऱ्यांशी संबंध जुळत गेले की तीन पिढ्यांत काळा रंग कसा ‘धुऊन’ निघतो ते समजावतो. ही मांडणी त्याचीच, पण तिला देशपातळीवर व्यासपीठ मिळालं ते आदिवासी धोरणावरच्या १९३७ च्या कॅनबेरा परिषदेत, आणि तीन पिढ्यांचा प्रसिद्ध फोटो त्याच्या १९४७ च्या पुस्तकातला. उजळ कातडीची आदिवासी मुलं वेगळी काढण्याचा प्रसंगही असाच. अशा मुलांसाठीचं पर्थमधलं सिस्टर केट्स होम १९३३ मध्ये उघडलं. म्हणजे पुढे पक्कं झालेलं धोरण १९३१ मध्येच तयार दिसतं. नाट्यासाठी हे सोयीचं आहे, पण यंत्रणा वर्षानुवर्षं कशी घट्ट होत गेली ते त्यात हरवतं.

मूर रिव्हर पडद्यावर शिस्तीची मिशन शाळा वाटते. ती सरकारी वसाहत होती, आणि १९३४ च्या मोझली चौकशी आयोगाने तिथली दाटी, किडे-ढेकूण आणि निकृष्ट जेवण यांवर ताशेरे ओढले. चित्रपटातलं सेटलमेंट खऱ्यापेक्षा स्वच्छ आहे!

अंतराचं गणित स्वतः करून पाहा. सर्वत्र १,५०० मैल छापून येतं, म्हणजे सुमारे २,४०० किमी. पण क्रमांक एकचं अख्खं कुंपणच १,८३३ किमी लांब. पुस्तकातला अंदाज १,६०० किमीचा आहे, तोच धरावा. कुंपणं तीन होती आणि मुली आधी चुकीच्या कुंपणाला लागतात, हा घोळ मात्र चित्रपट नीट दाखवतो. जिगलाँग हे मुळात १९०७ साली कुंपणाच्या देखभालीसाठी वसवलेलं ठाणं, त्यामुळे कुंपण सापडलं की घर सापडणार हा मोलीचा हिशेब पक्का होता. पडद्यावर दिसणारी जमीन बहुतांशी दक्षिण ऑस्ट्रेलियातली आहे, हे भूगोलाच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावं.

शेवटच्या पाट्या सोडून उठू नका. १९४० मध्ये मोलीला दोन मुलींसह पुन्हा मूर रिव्हरला नेलं, ती पुन्हा पळाली, धाकटीला कडेवर घेऊन. ती धाकटीही पुढे काढून घेतली गेली. हे सगळं खरं आहे.

इतिहास म्हणून पाचपैकी साडेतीन. तुलनेसाठी २००८ चा ‘ऑस्ट्रेलिया’ घ्याल तर जपून: डार्विनवर १९ फेब्रुवारी १९४२ ला बॉम्ब पडले हे खरं, पण मुलांच्या मिशन बेटावर उतरणारे जपानी सैनिक निव्वळ कल्पना. वर्गात दाखवायचं असेल तर नॉइसच्या जोडीला १९८३ चा ‘लाउझी लिटल सिक्सपेन्स’ हा माहितीपट लावा. तो न्यू साउथ वेल्सबद्दल आहे, आणि उचललेल्या मुलांना घरकामाला जुंपून त्यांची मजुरी तिथलं आदिवासी संरक्षण मंडळ कसं ठेवून घेई, हा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या चित्रपटात जेमतेम डोकावणारा पैशाचा भाग त्यात पुरता उलगडतो.