वायराउख एचडब्ल्यू-९७ के: फील्ड टार्गेटसाठी नेम बसवताना या रायफलची कसोटी

महाराष्ट्रात एअर रायफल म्हटले की डोळ्यांसमोर येते ती दहा मीटरची बंदिस्त रेंज. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी ज्या प्रकाराची आपल्याला ओळख करून दिली आणि ज्यात रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ साली कैरो येथे विश्वविजेतेपद मिळवले, त्या प्रकारात अंतर कायम एकच असते, स्कोप (नेम धरण्याची दुर्बीण) लावता येत नाही आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. फील्ड टार्गेट हा याच्या जवळजवळ उलट खेळ आहे. १९८० साली इंग्लंडमध्ये ससेक्समधील मॅगम डाउन येथे त्याची पहिली स्पर्धा झाली. झाडीत, उतारावर, ८ ते ५५ यार्ड अशा न सांगितलेल्या अंतरांवर पक्ष्याप्राण्यांच्या आकाराचे लोखंडी पत्रे उभे असतात. पत्र्यातील गोल छिद्रातून छर्रा आरपार जाऊन मागच्या पट्टीवर आदळला, तरच पत्रा आडवा होतो आणि गुण मिळतो. हे छिद्र बहुधा ४० मिलिमीटरचे, तर जवळच्या काही लक्ष्यांवर १५ मिलिमीटरचे असते. लेझरने अंतर मोजण्यास मनाई असल्याने ते स्कोपच्या फोकसवरूनच ओळखावे लागते. अशा खेळात रायफलचे मोल तिचा नेम किती नेमकेपणाने बसवता येतो आणि बसवलेला नेम किती टिकतो, यावर ठरते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्याच अंगाने केले आहे.

एचडब्ल्यू-९७ के ही जर्मनीतील मेलरिखश्टाट येथील वायराउख या जुन्या कारखान्याची स्प्रिंगवर चालणारी रायफल आहे. नळीखालचा दांडा ओढून ती ताणली जाते आणि नळी मात्र जागची हलत नाही. ज्या रायफलींमध्ये नळीच मोडून छर्रा भरतात, त्यांच्यात बिजागरीची झीज कालांतराने नेमावर उतरते. येथे तो प्रश्न मुळातच उद्भवत नाही. रायफलीवर नुसत्या डोळ्याने नेम धरण्याचे उघडे दृश्यक नाही, कारण ती स्कोपसाठीच बनवली आहे. वरच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत स्कोपच्या माउंटची (स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीची) खीळ अडकवण्यासाठी छिद्रे दिलेली आहेत, आणि ही बारीकशी सोय फार मोलाची आहे. स्प्रिंग रायफलचा धक्का दुहेरी असतो: आधी मागे, आणि दट्ट्या पुढे जाऊन आदळताच पुढे. या हिसक्यांनी खीळ नसलेला माउंट हळूहळू सरकतो आणि नेमबाज उगाचच छऱ्यांना दोष देत बसतो. त्याच कारणाने स्कोपही स्प्रिंग रायफलसाठी योग्य असल्याचे उत्पादकाने स्पष्ट सांगितलेलाच घ्यावा. अवजड बंदुकीच्या धक्क्याला पुरून उरणारे स्कोपही या उलटसुलट हिसक्यांनी निकामी होऊ शकतात.

नवी रायफल खोक्यातून काढून लगेच अंतिम नेम बसवण्याचा मोह टाळावा. आतले जास्तीचे वंगण सुरुवातीला जळत राहते, त्यामुळे वेग वरखाली होतो आणि छऱ्यांचा कागदावरचा गट विस्कटतो. पाचशे छऱ्यांचा एक डबा संपेपर्यंत नेम ढोबळ ठेवणे आणि त्या काळात दस्त्याचे सगळे स्क्रू वेळोवेळी तपासणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. त्यानंतर क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापकावर, छऱ्याचा वेग पाहावा. इंग्लंडमध्ये छऱ्याच्या ऊर्जेची १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल, ही परवान्याविना बाळगण्याच्या रायफलची कायदेशीर कमाल मर्यादा आहे, आणि ती ओलांडणारी रायफल थेट बंदुकीच्या परवान्याच्या कक्षेत जाते. जेएसबी एक्झॅक्ट या छाप्याचा ८.४४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला ७८५ फूट वेगाने निघाला, तर ऊर्जा साडेअकरा फूट-पाउंडांच्या आसपास भरते. मर्यादेपासून एवढे अंतर राखलेले बरे.

आता खऱ्या कामाकडे येऊ. नेम ३५ यार्डांवर बसवला आणि स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून सुमारे ४६ मिलिमीटर वर आहे असे धरले, तर वर सांगितलेला छर्रा १५ यार्डांच्या सुमारास दृष्टिरेषा (स्कोपमधून नेम धरण्याची रेषा) पहिल्यांदा ओलांडतो, २० यार्डांवर तिच्या सुमारे ७ मिलिमीटर वर असतो, ३५ यार्डांवर पुन्हा तिच्यावर येतो आणि ५५ यार्डांवर ८ सेंटीमीटरहून थोडा अधिक खाली जातो. ४० मिलिमीटरच्या छिद्राला २० यार्डांवरचे ते ७ मिलिमीटर सहज पोटात घेता येतात. १५ मिलिमीटरचे छिद्र त्याच अंतरावर असेल तर मात्र छर्रा नेमका काठावर आदळतो. नवख्यांना सर्वांत चकवणारी गोष्ट दुसऱ्या टोकाला आहे. ८ यार्डांवर छर्रा अजून स्कोपच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो आणि सुमारे १७ मिलिमीटर खाली लागतो. हा फरक मिलिमीटरमध्ये किरकोळ वाटतो, परंतु कोनात मोजला तर तो ५५ यार्डांवरच्या फरकाहून मोठा ठरतो. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकच्या टरेटवर, म्हणजे नेम वरखाली करण्याच्या स्कोपवरील चकतीवर, ५५ यार्डांसाठी साधारण २३ क्लिक पुरतात, तर ८ यार्डांसाठी ३२ लागतात. त्यातही ८ आणि १० यार्ड या दोनच यार्डांत सुमारे १५ क्लिकचा फरक पडतो. याच कारणाने जवळच्या अंतरांची नोंद एकेका यार्डाला आणि तीही प्रत्यक्ष छर्रे झाडूनच करावी. संगणकावरील गणिताने आराखडा मिळतो. अंतिम तक्ता मात्र कागदावर पडलेल्या छिद्रांवरूनच लिहावा.

वरची सर्व गणिते दाबलेल्या हवेच्या, म्हणजे पीसीपी रायफललाही तितकीच लागू आहेत. एचडब्ल्यू-९७ के वेगळी पडते ती धरण्याच्या बाबतीत. दट्ट्या सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत ही रायफल हलत असते, आणि ती कशी हलेल हे तळहात कुठे आहे, खांद्याचा दाब किती आहे आणि गाल कोठे टेकला आहे यावर अवलंबून असते. टेबलावर वाळूच्या पिशवीवर ठेवून बसवलेला नेम बैठकीतून झाडताना हमखास वेगळ्या जागी जातो. स्पर्धेत तर बहुतेक नेम लहानशा उशीवर बसून, रायफल गुडघ्यावर सैल टेकवून झाडायचा असतो. तेव्हा अंतिम नेमही त्याच बैठकीत, त्याच उशीवर, शक्य झाल्यास त्याच जाड जाकिटात बसवावा. पुढचा हात घट्ट न आवळता रायफल त्यावर नुसती विसावू द्यावी आणि हाताची जागा दस्त्यावर चिकटपट्टीने खुणावून ठेवावी. उभ्याने आणि गुडघ्यावर बसून झाडताना नेम किती ढळतो, हेही वेगळे तपासून तक्त्यात लिहिणे आवश्यक आहे. या बाबतीत या रायफलीतील रेकॉर्ड नावाच्या ट्रिगरचे कौतुक करावे तितके थोडे. त्याचे दोन टप्पे इतके स्पष्ट आहेत की नेम ढळला तर दोष बोटाचा की पकडीचा, हे निःशंकपणे वेगळे काढता येते. माझ्या मते ही रायफल घेण्याचे सर्वांत मोठे कारण हा ट्रिगरच आहे.

आडव्या दिशेतील चूक शोधण्याची पद्धतही येथेच नमूद करतो. जवळच्या अंतरावर छर्रे डावीकडे आणि दूरच्या अंतरावर उजवीकडे, किंवा याच्या उलट पडत असतील, तर वाऱ्याला दोष देण्याआधी स्कोप आणि नळी एकाच उभ्या प्रतलात आहेत की नाहीत हे पाहावे. लांबवर ओळंबा टांगून स्कोपची उभी रेषा त्याच्याशी जुळवावी आणि मगच माउंटचे स्क्रू आवळावेत. फोकसच्या मोठ्या चाकावर अंतरांच्या खुणा करताना ऊन आणि गारठा या दोन्ही वेळी पडताळणी करावी, कारण उच्च वर्धनाच्या स्कोपमध्ये तापमानानुसार फोकसची जागा सरकते आणि ४५ यार्डांचे लक्ष्य ५० यार्डांचे भासू लागते.

उणिवा लपवण्यासारख्या नाहीत. स्कोपशिवायच चार किलोंच्या घरात जाणारी ही रायफल उभ्याने झाडताना स्थिर वाटते खरी, परंतु दिवसभर खांद्यावर वागवताना जड होते. छर्रा भरताना बोट सरकत्या कक्षाजवळ न्यावे लागते, म्हणून दांडा दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. आतील सुरक्षा-यंत्रणेवर भिस्त ठेवू नये. सुरक्षा-कळ एकदा सोडली की रायफल पुन्हा ताणल्याशिवाय ती लावता येत नाही, हेही अनेकांना खटकते. आणि निव्वळ गुणांचीच ईर्षा असेल, तर चांगली पीसीपी रायफल या रायफलीपेक्षा अधिक क्षमाशील आहे यात शंका नाही. स्प्रिंग रायफलींसाठी अनेक स्पर्धांत वेगळा गट ठेवतात तो त्यामुळेच.

भारतातील वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या एअर रायफलला परवाना लागतो. त्यामुळे हीच रायफल मोठ्या ५.५ मिलिमीटर व्यासात घेण्याचा विचार असेल तर आधी नियम पाहावेत. फील्ड टार्गेटसाठी तसेही ४.५ मिलिमीटरच योग्य, कारण तितक्याच ऊर्जेत त्याचा मार्ग अधिक सपाट राहतो. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना मात्र २०१६ च्या ३१ डिसेंबरपासून १२ फूट-पाउंडांखालील रायफललाही प्रमाणपत्र बंधनकारक आहे. खरेदीचा हिशेब मांडताना रायफलीइतकेच लक्ष माउंट आणि स्कोपकडे द्यावे, आणि एकाच उत्पादन-तुकडीचे छऱ्यांचे चार-पाच डबे एकदम घेऊन ठेवावेत, म्हणजे हंगामाच्या मध्यात तक्ता नव्याने लिहिण्याची वेळ येणार नाही.