एकरी पैसे की घरटी पैसे?

तेलंगणाच्या 2018 च्या रयतु बंधू या शेतकऱ्यांच्या मदत योजनेत हिशेब एकरावर होता: हंगामाला आधी 4,000 रुपये, मग 5,000. म्हणजे एका एकराला वर्षाचे 10,000 आणि वीस एकरवाल्याला 2 लाख. पीएम-किसानमध्ये मात्र रान केवढंही असो, कुटुंबाला वर्षाला 6,000च. 2,000चा एक हप्ता म्हणजे डीएपी खताची जेमतेम दीड गोणी! तरी वाटणी म्हणून मला हीच जास्त रास्त वाटते.

तरुणांना दोन्हीकडे अडचण. जमिनीच्या कागदावर नाव हवं, आणि तिथे बहुधा वडिलांचंच असतं. पीएम-किसानने तर 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख धरली. त्यानंतर बापाने हयातीत पोराच्या नावे केलेली जमीन पाच वर्षं मोजायचीच नाही, वारसाने आली तर चालेल, असं तेव्हा ठरवलं होतं. खंडाने कसणारा दोन्ही योजनांच्या बाहेर.